टाळाचं सोवळं

पुण्यात दर तिसऱ्या घरात कुणीतरी जर्मन शिकत असतं, तशी मीही शिकले. माझ्या बरोबरीच्या मुली त्या भाषेच्या जोरावर कंपन्यांत लागल्या, म्युनिकला गेल्या, बर्फातले फोटो पाठवू लागल्या. मी मात्र इतिहासात घुसले आणि अशा विषयावर येऊन बसले की लोक आधी कौतुकाने विचारतात आणि उत्तर ऐकल्यावर "अच्छा" म्हणून समोशाकडे वळतात. एकोणिसाव्या शतकातल्या जर्मनीतली ज्यू कुटुंबं. त्यांना नागरिकाचे हक्क कसे मिळत गेले, आणि ते मिळवता मिळवता ती माणसं जर्मन कशी होत गेली. बेडोकहून एमआरटीने, म्हणजे इथल्या मेट्रोने, रोज विद्यापीठात जायचं आणि कंत्राटावर हे काम करायचं. पुण्याची बाई, सिंगापुरात बसून, जर्मनीतल्या ज्यूंबद्दल. माझा नवरा म्हणतो, एवढा द्राविडी प्राणायाम करण्यापेक्षा कोड लिहिलं असतंस तर बरं. तो आंग मो किओला एका कंपनीत मॅनेजर आहे. त्याला बोलायला काय जातं.

गेल्या वर्षी श्रावणात ईमेल आला. आमच्या तिघांच्या सिंगापूरच्या नागरिकत्वाला तत्त्वतः होकार मिळाला होता. आता भारतीय पासपोर्ट सोडायचे, तसा पुरावा इथे द्यायचा आणि मग शपथ घ्यायची, एवढंच उरलं होतं. दोन्हीकडचं ठेवायला ना भारत परवानगी देतो, ना हा देश. नवरा आणि लेक एका सकाळी भारतीय वकिलातीत जाऊन आपापले पासपोर्ट देऊन आले आणि येताना प्राटा खाऊन आले. मी गेले नाही, कारण माझी मीटिंग होती. मीटिंग खरीच होती, पण माझ्यावाचून तिचं काही अडलं नसतं. मला मुदत होती गणपतीनंतरच्या सोमवारपर्यंत. त्या दिवशीही गेले नाही तर ते दोघं नागरिक होणार आणि मी प्रेक्षकांत बसून टाळ्या वाजवणार.

"घोडं अडलंय कुठे?" नवऱ्याने विचारलं.

"मला भीती वाटते."

"कशाची?"

ते सांगता आलं असतं तर वाटली कशाला असती. इथे मला आजवर कुणी वाकडा शब्द बोललेलं नाही. स्वतःचा फ्लॅट आहे, लेक क्लासहून उशिरा एकटी येते तेव्हा मी खुशाल टीव्ही बघत असते. आणि तरी पासपोर्टचा विषय निघाला की मी तो बदलायचे. पासपोर्ट दिल्यापासून शपथ होईपर्यंत मधले काही दिवस आपल्या हातात कुठलाच कागद नसतो, या एका गोष्टीवर माझं मन सारखं जाऊन बसायचं. भाजी चिरताना, दात घासताना, तेच.

"तुझा जर्मनी माझ्या घरात आणू नकोस," नवरा म्हणाला.

त्याचं बरोबर होतं. आमच्या धंद्यात उठसूट तुलना करणारा माणूस कच्चा समजतात. तो देश वेगळा, तो काळ वेगळा, ती माणसं वेगळी, त्यांच्यावर जे आलं ते तर कशाच्याच शेजारी ठेवू नये. मी स्वतः विद्यार्थ्यांच्या निबंधांत असल्या तुलनांवर लाल रेघा मारते. पण विद्यापीठात मारलेली रेघ घरी पोचेपर्यंत पुसून जायची.

माझं डोकं कुठे फिरत होतं ते कळावं म्हणून सांगते. सुमारे दोनशे वर्षांपूर्वी त्या मुलखातल्या कितीतरी गावांत ज्यू माणसाला मनाला येईल तिथे घर करता येत नसे, हवा तो धंदा करता येत नसे, काही ठिकाणी लग्नालासुद्धा सरकारची परवानगी लागे. त्यांचं प्रार्थनाघर बहुतेकदा कुणाच्या तरी परसात, रस्त्यावरून दिसणार नाही असं. मग एकेका राज्यात, एकेका कायद्याने हक्क मिळत गेले, मधेच काढून घेतले गेले, पुन्हा मिळाले. यात पिढ्या गेल्या. आणि ही माणसं त्या देशाच्या अक्षरशः प्रेमात पडली. मुलांना जर्मन नावं, घरात जर्मन बोलणं, दिवाणखान्यात पियानो, कपाटात जर्मन कवी. काहींनी धर्म बदलला. ज्यांनी नाही बदलला त्यांतल्याही कितींनी डिसेंबरात घरात नाताळचं झाड मांडलं. बोलताना हातवारे करू नकोस, ट्राममध्ये आवाज चढवू नकोस, असं मुलांना बजावलं. पुढे पूर्वेकडून गरीब ज्यू येऊ लागले, लांब झगे घातलेले, आपल्या हेलात मोठ्याने बोलणारे, तेव्हा सगळ्यांत आधी लाज वाटली ती यांना. मग यांची मुलं जर्मनीसाठी युद्धावर गेली आणि पदकं घेऊन आली. त्या पदकवाल्यांचं आणि त्यांच्या लेकराबाळांचं पुढे काय झालं ते मी सांगायला नको.

हे वाचताना मला त्यांचा राग येत नाही, हसूही येत नाही. ती माणसं मला ओळखीची वाटतात, आणि पंचाईत तीच आहे. मध्यंतरी एका मराठी स्नेहमेळाव्यात, वडे तळून होईपर्यंत, बरीच वर्षं इथे काढलेल्या एक बाई म्हणाल्या, "आजकाल काय, कुणीही येतं इथे. लिफ्टमध्ये फोन स्पीकरवर लावून बोलतात. आपली मान खाली जाते हो." सगळ्यांनी माना डोलावल्या, मीही डोलावली. घरी आल्यावर आठवलं की हे वाक्य मी वाचलेलं आहे, फक्त जर्मनमध्ये, आणि त्यात लिफ्ट नव्हती.

गणपतीच्या आदल्या दिवशी मी लेकीबरोबर एमआरटीने येत होते. लेक सतरा वर्षांची, इथे आली तेव्हा नुकती चालायला लागली होती. बहिणीचा पुण्याहून फोन आला. उकडीला पीठ कुठलं घेतेस, फुटत नाहीत का मोदक, असं तिचं चाललं होतं, आणि ती काहीतरी बोलली त्यावर मी हसले. चांगली खळखळून हसले. लेकीने माझ्या मनगटावर दोन बोटं ठेवली.

"आई, सॉफ्टर लाह," ती इथल्या बोलीत हळूच म्हणाली.

उद्धटपणे नाही, हे मुद्दाम सांगते. अगदी माझ्याच सुरात म्हणाली. तिच्या आजी-आजोबांना मी गाडीत ज्या सुरात सांगत आले, "अहो, जरा हळू," तोच सूर. नाकाला मिरच्या झोंबायला हव्या होत्या, पण झोंबल्या नाहीत. मी बहिणीला नंतर करते म्हणाले आणि फोन पर्समध्ये टाकला.

आता टाळांबद्दल सांगायला हवं. इथे आलो त्या पहिल्या वर्षी आम्ही तोआ पायोहला भाड्याने राहत होतो, एम्प्लॉयमेंट पासवर. किल्ली देताना एजंट म्हणाला होता, स्वयंपाक हलका करा, आवाज कमी ठेवा, शेजारी तक्रार करतात. सगळ्यांनाच सांगत असेल. पण पहिल्या गणपतीला आरतीच्या आधी मी खिडक्या लावल्या आणि नवऱ्याचा एक पिवळा रुमाल टाळांतल्या एका झांजेवर बांधला. आवाज थप थप असा यायला लागला, उशी झोडपल्यासारखा. आरतीही आम्ही कुजबुजून म्हटली. पुढे पीआर, म्हणजे इथले कायमचे रहिवासी, झालो, बेडोकला स्वतःचा फ्लॅट घेतला, सामान आलं तसा रुमालही आला. दर वर्षी दीड दिवस गणपती, दर वर्षी थप थप.

नवरा सुरुवातीला म्हणायचा, "अगं, खाली बघ जरा." आमच्या ब्लॉकच्या खाली मोकळा व्हॉइड डेक आहे. तिथे चिनी माणसाचं मयत असलं की मांडव पडतो आणि दिवस दिवस मंत्र चालतात, झांजा वाजतात. मलय लोकांचं लग्न असलं की डफ वाजतात, गाणी लागतात. कुणी कुणाला काही म्हणत नाही. मी म्हणायचे, ते इथले आहेत. आपण पाहुणे. नंतर त्याने म्हणणं सोडून दिलं.

आणि माझ्या कामात मला एक नियम सापडला होता. ज्यूंचा पुरीम नावाचा सण आहे. त्या दिवशी जुनी गोष्ट वाचतात आणि त्यातल्या दुष्ट प्रधानाचं नाव आलं की पोरं लाकडी खुळखुळे करकरवतात, बाकं बडवतात, त्याचं नाव ऐकू येऊ नये म्हणून. हक्क मिळण्याच्या त्या काळात काही ठिकाणच्या ज्यू पुढाऱ्यांनी स्वतःच नियम काढले की यापुढे हा गोंगाट बंद. प्रार्थनाही शिस्तीत, हळू आवाजात, शेजारच्या ख्रिस्ती लोकांनी नावं ठेवू नयेत अशी. सरकारने सांगितलं नव्हतं तेही त्यांनी केलं. मी तो नियम वाचला, टिपून घेतला आणि हसून सोडून दिला. आमचा रुमाल तेव्हा मला आठवलासुद्धा नाही.

तो आठवला चतुर्थीला संध्याकाळी. सकाळी पूजा झाली होती, मोदक झाले होते. संध्याकाळच्या आरतीची तयारी मी लेकीवर सोडली, कारण तिला आवडतं. मी स्वयंपाकघरातून बाहेर आले तर तबक तयार. निरांजन, कापूर, उदबत्ती, फुलं, अक्षता. आणि त्यात इस्त्री करून घडी घातलेला तो पिवळा रुमाल, वर कुंकवाचं एक बोट टेकवलेलं.

"हा इथे कशाला?" मी म्हटलं.

"टाळाचं सोवळं," ती म्हणाली. "गणपतीला जानवं घालतो ना, तसं. आधी कुंकू लावायचं की बांधल्यावर? मी दर वर्षी विसरते."

मला वाटलं थट्टा करतेय. पण तिचा चेहरा अगदी साधा होता. मग एकेक गोष्ट लक्षात येत गेली. इथल्या शाळांच्या सुट्ट्या जूनमध्ये आणि डिसेंबरात. पुण्याचा गणपती तिने कळत्या वयात एकदाही पाहिलेला नाही. आरती म्हणजे खिडक्या लावून, रुमाल बांधून, कुजबुजून म्हणायची गोष्ट, हेच तिला माहीत. व्हिडिओ कॉलवर माझ्या आईकडची आरती ऐकू यायची तेव्हा तिथला दणदणाट फोनची खराबी आहे असं समजून ती आवाज कमी करायची. सोवळं हा शब्द तिने आजीकडून उचलला होता आणि आपल्या परीने नेमका बसवला होता.

"मी माझ्या घरी गणपती बसवीन ना, तेव्हा हाच मला दे," ती म्हणाली. "ओल्ड आहे ना. स्पेशल."

मी खुर्चीवर बसले. पासपोर्टवरून इतके आठवडे ज्या भीतीला मी शोधत होते ती तिथे तबकात घडी घालून ठेवली होती. तिला कुंकूही लागलं होतं. माझी भीती माझ्या मुलीने परंपरा म्हणून सांभाळली होती आणि आता ती तिच्या पोरांना देणार होती.

"हे सोवळं नाहीये, राणी," मी म्हटलं. "तो बाबांचा रुमाल आहे. मी घाबरून बांधला होता."

"कशाला?"

"शेजारी तक्रार करतील म्हणून."

"केली कुणी?"

"नाही."

"मग?"

नवरा फोनवरून नजर काढून आमच्याकडे बघत होता. मी रुमाल तबकातून उचलून टेबलावर ठेवला, खिडक्या उघडल्या आणि टाळ हातात घेतले.

"आई, नको," लेक म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता. "प्लीज. लोक काय म्हणतील."

ही मुलगी काही दिवसांत इथली नागरिक होणार होती. मैत्रिणींबरोबर इथल्यासारखी बोलते, इथल्यासारखी खाते, परीक्षेत पहिल्या पाचांत असते. आणि स्वतःच्या घरात टाळ वाजेल म्हणून तिचा चेहरा उतरला होता. तिचा पासपोर्ट तर जाऊनही चुकला होता. भीती पासपोर्टात असती तर त्याच्याबरोबर गेली नसती का.

मी वाजवले. इतक्या वर्षांत त्या झांजांनी एकमेकींना नीट स्पर्शही केला नव्हता, आणि आवाज असा निघाला की मीच दचकले. पण थांबले नाही. आरती आम्ही म्हटली, मोठ्याने म्हटली म्हणण्यापेक्षा रेटत नेली. लेक टाळ्या वाजवत होती त्या एका तळव्यावर दोन बोटांनी, आणि डोळे दाराकडे. 'तुझा जर्मनी घरात आणू नकोस' म्हणणाऱ्याचेही डोळे दाराकडेच. माझे तर होतेच. गणपतीकडे बघायला कुणीच नव्हतं.

कापूर विझायच्या आत बेल वाजली.

तिघंही जिथल्या तिथे उभे राहिलो. लेकीने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मला ती अजून आठवते. नवऱ्याने कुर्ता खाली ओढून नीट केला. मी टाळ पाठीमागे धरले आणि दुसऱ्या हाताने दार उघडलं.

समोरच्या घरातली म्हातारी चिनी आंटी होती. एकटी राहते. त्यांच्या नवीन वर्षाला ती आम्हाला संत्री देते, दिवाळीला आम्ही तिला चकल्या देतो, एरवी लिफ्टमध्ये मान हलवतो, असा आमचा शेजार. घरातल्या कपड्यांतच आली होती. दोन्ही हात पोटाशी धरलेले, चेहरा पडलेला.

"कोण गेलं?" तिने तिच्या इंग्रजीत अगदी हलक्या आवाजात विचारलं.

मला कळेचना. ती माझ्या खांद्यावरून आत बघत होती. नवरा दिसला, लेक दिसली, तशी तिने सुस्कारा सोडला. "झांजा ऐकल्या," ती म्हणाली. "मला वाटलं, घरातलं कुणीतरी. तुझी आई का, इंडियात? खुर्च्या लागतील का? माझ्याकडे आहेत. मी बसते तुमच्याबरोबर."

तिच्या माहितीत झांजा वाजतात त्या मयताला. आमच्या घरातून त्या कधीच ऐकू आल्या नव्हत्या, मग दुसरं काय समजणार होती बिचारी.

आधी नवऱ्याला हसू फुटलं, मग लेकीला. मला हसता आलं नाही, टाळ अजून माझ्या पाठीमागेच होते. आंटीला आत घेतलं, गणपती दाखवला. तिने हात जोडले, निरखून पाहिलं, मग माझ्याकडे वळली.

"हे दर वर्षी?"

"दर वर्षी."

"याच घरात?"

"हो."

"मला कधी ऐकूच आलं नाही," ती म्हणाली. मोदक हातात घेऊन तिने जरा विचार केला. "तुम्ही लोक फार शांत. मला वाटायचं, तुमच्यात असं काही नसतंच." मग जराशी दुखावून, "बोलवायचं ना मला."

मोदक तिला आवडला. खोबरं ती घेते त्याच मार्केटातल्या अंकलकडचं का, हे तिने विचारून घेतलं आणि दुसरा मोदक घरी घेऊन गेली.

ती गेल्यावर लेक रुमाल हातात घेऊन उभी राहिली. "मग नेक्स्ट इयर? बांधायचा की नाही?"

"आईला विचार," नवरा म्हणाला. "इतिहास तिचा विषय."

मी तिला काय सांगणार होते? काही होणार नाही, असं छातीठोक सांगायला माझा विषय मला परवानगी देत नाही. मला एवढंच माहीत आहे की ज्यांनी खुळखुळे बंद केले आणि ज्यांनी केले नाहीत, त्या दोघांच्याही नातवंडांच्या दारावर शेवटी त्याच माणसांनी थाप मारली. हळू बोलून कुणीही वाचलं नाही. आणि शेजाऱ्यांना आपण कोण ते कधी कळत नाही, हे वरून. हे सतरा वर्षांच्या मुलीला सणाच्या दिवशी कसं सांगायचं? मी म्हटलं, "जेवून घे, मग बोलू." ते बोलणं राहून गेलं.

दुसऱ्या दिवशी बाल्कनीत बादलीत विसर्जन केलं. आंटी खुर्ची घेऊन आली होती, स्वतःचीच.

सोमवारी मी वकिलातीत गेले. रांगेत उभी असताना दोनदा वाटलं, परत फिरावं. तो पासपोर्ट जवळ ठेवून माझी भीती जाणार नव्हती, हे कळलं होतं, पण कळल्याने पाय थोडेच ऐकतात. मी थांबले त्याचं कारण एकच. लेक नागरिकांच्या रांगेत भीत उभी राहणार असेल, तर मला परदेशी लोकांच्या रांगेत उभं राहायचं नव्हतं. तिला भीती मी दिली होती, निदान सोबत तरी द्यायला हवी होती. काउंटरवरच्या माणसाने माझ्याकडे पाहिलंही नाही. काम झाल्यावर रद्दचा शिक्का मारून, कोपरा कापून पासपोर्ट परत दिला. तो कापलेला कोपरा अंगठ्याने चाचपत मी घरी आले.

लेक जेवणाच्या टेबलाशी अभ्यास करत होती. गणपतीच्या सामानाचा खोका अजून तिथेच उघडा पडला होता, वर टाळ, टाळांवर तो रुमाल, तिने धुऊन पुन्हा इस्त्री केलेला. मी रुमाल उलगडला, त्यात पासपोर्ट गुंडाळला, वर एक गाठ मारली आणि खोक्याच्या तळाशी ठेवून दिला. ती पेन थांबवून बघत होती.

"मग टाळाला काय बांधायचं?"

"काही नाही."

"काहीच नाही? शुअर, आई?"

"नाही," मी म्हटलं, आणि टाळ तसेच उघडे वर ठेवून झाकण लावलं.